लिओटाला दिसेनासं झालं तेव्हा

लिओटा म्हणजे आमच्या ग्रँड मनान बेटावरची, बर्टनची बायको. ओहोटी लागली की होडी घेऊन खडकांवर जायचं, डल्स उपटायचं, वर आणून गोट्यांवर जाळी टाकून उन्हात पसरायचं, हेच तिचं जन्माचं काम. डल्स म्हणजे समुद्रातलं पाल्यासारखं शेवाळ. वाळलं की जांभळंभोर होतं. आम्ही येताजाता तोंडात टाकतो, शेंगदाणे टाकावेत तसं. लिओटाच्या एका खिशात डल्स, दुसऱ्यात सिगारेटी. ते खिसे रिकामे मी कधी बघितलेच नाहीत.

तिला थायरॉइडचं दुखणं लागलं, गळ्यातल्या गाठीचं. छाती धडधडायची, हात कापायचे, खाऊन खाऊनही बाई वाळत चाललेली. बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पण आमच्याकडे जुन्या बायका सांगत आल्या, गळ्याला डल्स चांगलं. चांगलंच असतं, डल्समध्ये आयोडीन भरपूर, पण ज्याची गाठ त्यासाठी उपाशी आहे त्याला. लिओटाची तर आधीच माजलेली. हे कुणाला ठाऊक? ती गोळी घ्यायची अन् वर मूठभर डल्स चावायची, दुप्पट गुण येईल म्हणून. डॉक्टरीणबाईंना काही बोलली नाही. बोलायचं काय त्यात? आपण पाणी पितो हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

मग तिचे डोळे पुढे यायला लागले. झोपली तरी पापणी पुरती मिटेना. फर्न तिची नणंद, तिच्याच सोबत डल्स काढायची. ती म्हणायची, "अगं, अशी काय बघतेस? मी काय तुझी होडी चोरली?"

"तुझं तोंड बघून कुणाचेही डोळे बाहेर येतील," लिओटा म्हणायची. तेव्हा अजून हसत होती.

त्या उन्हाळ्यात तिची कटकट सुरू झाली की यंदा डल्स बिघडलंय. रंगच नाही त्याला. मातकट, राखेसारखं. एक दिवस दोघींनी मोठ्या ओहोटीला काढलेलं सगळं वाळून तयार होतं, आणि लिओटाने जाळीवरून गोळा केलं अन् कवळच्या कवळ समुद्रात फेकून दिलं. फर्न ओरडत आली.

"अगं बये, वेड लागलं का तुला? यंदाचं सगळ्यात छान डल्स होतं ते!"

"छान? करपून पांढरं पडलेलं माझ्या नावावर विकायचंय तुला?"

"पांढरं? द्राक्षासारखं जांभळं होतं गं!"

"मी लहानपणापासून डल्स बघतेय. तू मला रंग शिकवू नकोस."

दोघींचं बोलणं तुटलं. लिओटाला वाटलं, सगळे मिळून आपल्याला खोटं पाडतायत. रंग तिच्या डोळ्यांतून चाललाय हे तिच्या मनालाही शिवलं नाही. कसं शिवेल? डोळा दुखतही नव्हता फारसा.

पुढे एका सकाळी ती दारात उभी राहिली. "बर्टन, धुकं फारच दाटलंय. बोटींसाठी भोंगा का वाजवत नाहीत आज?"

बर्टन चहा पीत होता. त्याने बाहेर बघितलं. लख्ख ऊन. लांबवर फेरीबोट सुद्धा स्वच्छ दिसत होती. त्याने कप खाली ठेवला.

"लिओटा, एक डोळा झाक बघू."

तिने उजवा झाकला. आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बर्टनची खुर्चीच उलटली. डाव्या डोळ्यात काहीच नव्हतं. नुसता काळोख, कडेला थोडासा उजेड.

शहराकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर ती मान खाली घालून बसली होती. आमच्याकडचे खडक म्हणजे तेल ओतल्यासारखे निसरडे. तिथे आंधळीला कोण नेणार? घरात बसून ती करणार काय? ती पुटपुटत होती, "देवा, पाय घे. एक हात घे. हे नको रे."

शहरातल्या दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टरीणबाई होती, तरुण पोरगी. तिने समजावलं, "डोळ्यामागे हाडाची खोबण असते. तुमच्या तिथले स्नायू सुजलेत. बघायची नस त्यात चेंगरलीय, दारात बोट सापडावं तशी. सिगारेट आजपासून बंद. आणि खाता काय तुम्ही?"

"डल्स खाते थोडं," बर्टन म्हणाला.

"थोडं म्हणजे?"

लिओटाने खिशातून मूठ काढून पुढे केली. "घ्या की."

पोरीने कपाळाला हात लावला. "आजी, ही आगीत तुपाची धार आहे."

"आजी कुणाला म्हणतेस?" लिओटा म्हणाली, आणि मग रडायलाच लागली.

शिरेतून औषध चालू झालं. उजवा जरा उजळला, लिओटाला आशा वाटली. मग तोही परत मिटत चालला. बर्टन दारात उभा असला तरी तो आहे की कोट टांगलाय हे तिला कळेना. डॉक्टर म्हणाली, आता हाडाची भिंत थोडी काढावी लागेल, सुजेला जागा करून द्यायला. नस किती वाचेल ते सांगता येत नाही.

"मला घरी ने," लिओटा बर्टनला म्हणाली. "आंधळीच व्हायचं तर माझ्या घरात होते. इथली भिंत सुद्धा माझ्या ओळखीची नाही."

"नाही नेणार."

"बर्टन, पाया पडते तुझ्या."

"पड. तरी नाही नेणार." एवढं बोलून तो बाहेर गेला. भिंतीला डोकं टेकून उभा होता, नर्सने बघितलं.

ऑपरेशन झालं. पट्ट्या काढायच्या दिवशी तिने डोळे उघडायलाच नकार दिला. मिटलेले आहेत तोवर आंधळी नाही ना, असं तिचं म्हणणं. डॉक्टरीणबाई थांबली, बर्टन थांबला. शेवटी तिलाच धीर धरवेना.

उघडले. आधी नुसता दुधासारखा उजेड. मग दोन बर्टन, एकावर एक चढलेले.

"दोन कशाला? मला एकच जड होता."

"दोन दिसणारच काही दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाली. "उजवा झाका. आता?"

डाव्यात बर्टन धुरकट होता, पण होता. मग तिने उजव्याने बघितलं, नीट, कितीतरी वेळ. दाढी वाढलेली. गाल बसलेले. हा माणूस इतका म्हातारा कधी झाला?

"अरे, शर्टाचं बटण चुकलंय तुझं," ती म्हणाली. "वरपासून सगळीच चुकलीत. असाच हिंडतोस होय शहरात?"

बर्टन पलंगाच्या कडेवर येऊन बसला. बटणं लावायला लिओटानेच हात पुढे केला. पहिल्यांदा हवेतच बोटं मिटली, दुसऱ्या बर्टनवर. मग सापडलं.

डाव्या डोळ्याची नजर नंतर अर्धीच परत आली. उजव्याची मात्र पुरती आली.