आमच्यात बायका घोरत नाहीत

माझं डोकं तापायला फारसं काही लागत नाही, हे आमच्या दोंडाईचात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ब्लाउज शिवते, हातात कायम कात्री असते, त्यामुळे माणसं जरा जपूनच बोलतात. पण राजकुंवर भाभीच्या बाबतीत जे झालं, ते ऐकून थंड डोक्याच्या माणसानंही भांडी आपटली असती.

राजकुंवर भाभी म्हणजे आमच्या गल्लीतल्या मिरचीच्या व्यापाऱ्याची, पारसमलभाऊंची बायको. लग्न होऊन मारवाडातून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. आता मिरच्या निवडणाऱ्या बायांशी माझ्यापेक्षा फर्डी अहिराणी बोलते. पापडाचा घाट घातला की सगळ्या गल्लीला कामाला लावते, आणि हसली की पार पलीकडच्या चौकात ऐकू जातं. अशी बाई गेल्या काही वर्षांत रोज सकाळी कपाळाला ओढणी करकचून बांधून बसायला लागली.

"झोपेतच दुखायला लागतं, बेबाताई," मला सांगायची. "आतून कोणी घण घालतंय असं वाटतं. त्या दुखण्यानंच जाग येते."

मग काय, ज्याच्या तोंडाला येईल ते कारण! सासू म्हणे नजर लागली. नणंद म्हणे, सूर्य बुडाला की पाण्याचा थेंब घेत नाहीस ना, त्यानं होतं. दीर म्हणे मिरचीची धूळ. गावातल्या डॉक्टरांनी पित्तावर घातलं. मेडिकलवाला तर विचारायच्या आतच गोळ्यांची पट्टी काढून द्यायचा, आणि भाभी त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायची. दिवसा तिला डुलक्या यायच्या. गॅसवर दूध उतू जायचं, प्रवचनाला बसली की मान खाली. त्यावर घरातले म्हणायला लागले, आळशी झालीय, डोक्याचं नुसतं निमित्त. आळशी? ही बाई? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरात कोण झोपतं? संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं आणि गाद्या टाकायच्या, सगळ्या गल्लीचं तेच. गेल्या मे महिन्यात भाभीच्या लेकीचे, रुचीचे कपडे शिवायचे होते म्हणून मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. पारसमलभाऊ मात्र खाली दुकानात झोपायचे. मालाची राखण करायला, असं भाभीच सांगायची, आणि हे वर्षानुवर्षं चाललेलं. तर त्या मुक्कामात मी ऐकलं. भाभी घोरत होती, आणि चांगलं दणकून. ते एक वेळ ठीक आहे हो, माझे आबाही घोरायचे. पण हिचा आवाज मध्येच बंद पडायचा. सगळं चिडीचूप. मग एकदम पाण्यातून वर आल्यासारखी धापा टाकायची. मी घाबरून तिला हलवलं.

सकाळी सरळ सांगितलं, "भाभी, तू घोरतेस. आणि मध्येच तुझा श्वास अडकतो."

"काहीतरीच!" ती लाल झाली. "आमच्यात बायका घोरत नाहीत." तरी तिनं नवऱ्याला विचारलं. भाऊंनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "बेबाताईला स्वप्न पडलं असेल," म्हणाले.

मी निघाले तर भाऊ मागोमाग ओट्यावर आले. "ताई, रुचीची जळगावला बोलणी चालू आहेत. पाहुणे चौकशी करतात, आईला काय आहे, उद्या मुलीलाही होईल का. हे उगाच कोणाजवळ बोलू नका."

"अहो भाऊ, घोरणं म्हणजे काय चोरी आहे का?"

ते आत निघून गेले. पुढे मी भाभीला जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा एकच उत्तर, "रुचीचे पप्पा खोटं कशाला सांगतील?" नवरा बोलला ना, मग संपलं!

दिवाळीच्या आधी एका सकाळी भाभी उठली ती डोकं धरूनच. उलट्या झाल्या, समोरचं नीट दिसेना. तिला धुळ्याला न्यायचं ठरलं. मला कोणी चल म्हटलं नव्हतं, पण मी गाडीत जाऊन बसले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोक्याचा स्कॅन करून घेतला. "गाठ नाही, रक्तस्राव नाही," म्हणाल्या. "बीपी मात्र भयंकर वाढलंय. आता झोपेत डोकं का दुखतं ते शोधू." मग एकेक विचारायला लागल्या. झोपेत दात खाता का? बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवता का? गोळ्या किती घेता? गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हातच लावला. रोज रोज घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं म्हणाल्या. आणि मग विचारलं, "घोरता का?"

भाभीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"छे छे," भाऊ म्हणाले, "अजिबात नाही."

झालं, माझा तोल सुटला. "भाऊ, देवाला तरी घाबरा! अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. बठ्ठासले माहीत शे, सगळ्यांना! कोणापासून लपवताय? पोरीच्या सोयरिकीपायी बायकोचा जीव घेता का?"

बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावायला लागली. डोकावू देत.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबतो, असा एक आजार असतो," त्या भाऊंना म्हणाल्या. "श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, बीपी चढतं, डोकं दुखून जाग येते. असंच चालू राहिलं तर उद्या लकवाही होऊ शकतो. आता खरं सांगा."

भाऊंना घाम फुटला. "घोरते," म्हणाले. "फार जोरात. म्हणून तर मी खाली झोपायला लागलो."

"दुकानाची राखण नव्हती?" भाभीनं विचारलं. "आणि मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आवाज मध्येच थांबायचा का?"

"थांबायचा की," भाऊ म्हणाले. "एकदम शांत व्हायचं. तेव्हा जरा बरं वाटायचं, आता झोप लागेल म्हणून."

"तेव्हाच त्यांचा श्वास बंद असायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊंनी तोंडावर हात धरला. मला आणखी चार शब्द सुनावायचे होते, पण माझं लक्ष भाभीकडे गेलं. ती रडत नव्हती. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी लिहून दिली. कदाचित झोपताना नाकाला मशीन लावावं लागेल, पण आजार आटोक्यात येतो, म्हणाल्या. तोवर कुशीवर झोपायचं, आणि कोणीतरी जवळ असलेलं बरं.

"मी रुचीला सांगतो तुझ्याजवळ झोपायला," भाऊ पुटपुटले.

भाभी उठून उभी राहिली. "रुचीला नाही. तुम्ही वर यायचं. आणि माझा आवाज थांबला की बरं वाटून घ्यायचं नाही. उठायचं आणि मला हलवायचं."