बाळभाऊंनी डबा मागे नेला

बाळभाऊ घाडीगावकर माझ्या समोरच्या दारात राहतात. भटवाडीतली आमची चाळ पाडून ही उंच इमारत झाली, तेव्हा मी आणि त्यांची बायको नलिनी, आम्ही दोघींनी भांडून समोरासमोरची घरं मागून घेतली. बाळभाऊंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना कधीच कुणी विचारायचं नाही, आणि तेही कुणाला विचारून काही करायचे नाहीत.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसाने. अंधेरीच्या एमआयडीसीत कंपनी होती. अर्ध्या मुंबईच्या लिफ्ट मी वर-खाली केल्या, असं सांगायचे. रिटायर झाले तरी खोड जाईना. आमच्या लिफ्टचं दार जरा कुरकुरलं की बनियनवर बाहेर येऊन कान लावून उभे. कंपनीची पोरं दुरुस्तीला आली की त्यांच्या डोक्यावर हे हजर. "नवीन पार्ट कटकट करतो ना? मग काढ तो आणि जुना बसव. सोप्पं आहे." हा त्यांचा कायदा. हट्टी माणूस. मीही त्यांच्यासारखी देवगडकडचीच, त्यामुळे हट्ट मला ओळखू येतो.

नलिनी गेली त्याला आता दोन वर्षं होत आली. मुलगा देवेश मेलबर्नला. आईचं सगळं करून तो परत गेला, आणि त्या घरात बाळभाऊ आणि एक काळा डबा एवढेच उरले.

डबा देवेशनेच आई असताना आणून बसवला होता. जाडजूड पोथीएवढा, आत दोन डिस्क, पुढे हिरवे दिवे. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ आपोआप त्यात जायचे आणि फोन रिकामे व्हायचे. नलिनीचा फोन सारखा भरायचा म्हणून ही सोय. "दोन डिस्क आहेत बाबा, एक बिघडली तर दुसरीत असतं," असं देवेशने सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण दोन्ही डिस्क एकदमच पुसल्या तर काय, हे त्याने सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नलिनी गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि समोरून तिचा आवाज आला. "पुरे झाला आता. ठेवा तो फोन नि जेवूक बसा." माझे हात परातीतच राहिले. तशीच पिठाच्या हाताने समोर गेले. दार उघडंच होतं. हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर नलिनी उभी, हातात कालथा, मागे तव्यावर घावणे. कधीतरी बाळभाऊंनी गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ. ते समोर ताट घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "या वहिनी, जेवतास?" जसं काही झालंच नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. ती टीव्हीवर दटावायची आणि हे जेवायला बसायचे. माझी सून श्वेता म्हणाली, "आई, हे काय नॉर्मल नाही हां. डॉक्टरला दाखवायला पाहिजे त्यांना." मी तिला म्हटलं, गप बस. माणूस वेळेवर जेवतोय ना, मग झालं. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटायचं. त्या वेळेला मी मिक्सर लावत नसे.

या वर्षी उन्हाळ्यात डब्याने मोबाईलवर निरोप धाडला, नवीन व्हर्जन आलंय. डब्याच्या आत त्याचा स्वतःचा एक प्रोग्राम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला, तो बदलायचा होता. असं काही आलं की हो म्हणायचं, हे देवेशनेच शिकवलेलं. बाळभाऊंनी हो म्हटलं. डबा बंद झाला, चालू झाला, दिवे हिरवे. आणि टीव्हीला डबा दिसेनासा झाला. नवीन प्रोग्रामला तो जुना टीव्ही चालत नव्हता.

व्हिडिओ गेले नव्हते, हे नीट लक्षात घ्या. सगळे जागेवर होते आणि मोबाईलवर छान दिसत होते. पण मोबाईलवर नलिनी बोटभर. बाळभाऊंनी एक-दोन दिवस फोन तांब्याला टेकवून ताटासमोर उभा करून बघितला. मला म्हणाले, "नाय ओ वहिनी. बाहुलीसारखी दिसता. माणसासारखी नाय दिसत."

देवेशला फोन केला. तो ऑफिसात. "बाबा, मी नवीन टीव्ही ऑर्डर करतो, परवा येईल."

"नवीन कशाला? हा चांगला चालतोय. डब्याचं जुनं व्हर्जन परत टाकू या ना."

"नको बाबा, असं मागे जायचं नसतं. प्लीज हात लावू नका. मी डिसेंबरला येतो, तेव्हा बघू."

त्याने एवढंच सांगितलं. का जायचं नसतं, ते सांगायला त्याला सवड नव्हती. आणि बाळभाऊंना डिसेंबरपर्यंत थांबायचं नव्हतं.

त्यांनी स्वतःच शोधाशोध केली. डब्याच्या कंपनीच्या साइटवर जुनं व्हर्जन सापडलं. डबा ते घेईना, तर कुठल्याशा परदेशी माणसाने लिहिलेली एक युक्ती सापडली, डब्याला फसवायची. तिथे इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आधी दुसरीकडे कॉपी काढून ठेवा, नाहीतर सगळं जाईल. मी वाचून दाखवलं. बाळभाऊ हसले. "वहिनी, लिफ्टच्या प्रत्येक पॅनलवर कवटी आणि हाडं असतात. तिला घाबरलो असतो तर पोरगा शिकला असता काय?"

रविवारी दुपारी मला बोलावून घेतलं. काही नवीन चालू करायचं तर चार माणसं हवीत असं त्यांना वाटे. आता चार नव्हती, मी एकटी होते. टेबलावर खोबऱ्याची वडी ठेवली होती, मला. त्यांनी युक्ती केली, डब्याने मुकाट जुना प्रोग्राम घेतला आणि तो परत चालू झाला. पण या वेळी दिवा नारिंगी. मोबाईलच्या स्क्रीनवर आलं की डिस्क ओळखीच्या नाहीत, इनिशियलाइज करायच्या का?

मी म्हटलं, "देवेशला विचारा आधी."

"त्याला काय विचारायचं? ह्या माझा रोजचा काम होता." त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते इतक्या खुशीत होते की मी ऐकत राहिले. लिफ्टमध्ये कंट्रोलर बदलला की त्याला बिल्डिंग माहीत नसते. मग लिफ्टला एकदा तळापासून वरपर्यंत हळूहळू न्यायचं. ती जाता जाता मजले मोजते, कुठे थांबायचं ते शिकून घेते. त्याला लर्निंग रन म्हणतात. जुना प्रोग्राम आता डिस्कवरून एकदा असाच फिरेल आणि कुठे काय आहे ते शिकेल.

आणि त्यांनी होय दाबलं.

आकडा सरकत होता. दहा टक्के, वीस टक्के. "शिकतोय बघा," ते म्हणाले. मी वडी खाल्ली. दोघं शेजारी बसून आम्ही ते बघत होतो, आणि डबा तळापासून वरपर्यंत एकेक मजला रिकामा करत होता. नवीन प्रोग्रामने डिस्कवरची सगळी मांडणी आपल्या पद्धतीने बदलून घेतली होती, जुन्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून त्याने विचारलं होतं, की हे पुसून पहिल्यापासून मांडू का?

दिवा हिरवा झाला. बाळभाऊंनी टीव्ही लावला, आणि टीव्हीला डबा दिसला! त्यांनी मला टाळी दिली, बायकांना टाळी देण्यातला माणूस नव्हे तो. मग त्यांनी रिमोटने डब्याच्या आत जाऊन बघितलं. काहीच नव्हतं. परत बाहेर आले, परत आत गेले. रिमोटच्या बॅटऱ्या काढून चोळून परत घातल्या. मला तिथे बसवेना, आणि उठवेना.

देवेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा." त्याचीही आई होती ती. पण बापावर ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अंधेरीला एका डेटा काढून देणाऱ्याकडे डबा नेला. काही फाइलींची नावं मिळाली, आत काही नव्हतं. नातेवाइकांनी फोटो पाठवले. एका लग्नाच्या व्हिडिओत नलिनी बोलताना दिसते, पण बेंजोच्या गोंगाटापुढे काही ऐकू येत नाही. व्हॉइस मेसेज तिने कधी पाठवलाच नाही. सरळ फोन करायची.

हल्ली बाळभाऊ बातम्या लावून जेवतात. कधी जेवतात, कधी नाही. परवा मी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण घेऊन गेले. त्यांनी टीव्ही बंद केला, भात कालवला आणि खाली बघूनच विचारलं, "वहिनी, नलूचा आवाज तुम्हाला आठवता?"

"आठवतो म्हणजे काय? कानात आहे माझ्या."

"माका नाय आठवत." ते जरा थांबले. "रोज टीव्ही ऐकवायचा ना, म्हणून मी आठवायचं सोडूनच दिलं होतं. चेहरा येतो. ओठ हलतात. आवाज येत नाय. कसा होता, सांगा ना."

कसा सांगायचा आवाज? मला नक्कल येत नाही, आणि आली असती तरी केली नसती. मी म्हटलं, "जरा बसका होता. सर्दी झाल्यासारखा. हाक मारताना शेवट वर न्यायची. आणि रागावली की मोठ्याने नाही, उलट हळू बोलायची."

बाळभाऊंचा घास हातातच राहिला होता.

"हो काय?" ते म्हणाले, आणि मी अजून सांगेन म्हणून माझ्याकडे बघत राहिले.