वरंध्याचा घाट आणि गुरुजींचा गुडघा

"तुमचं-माझं काय वेगळं आहे, शेठ?" असं म्हणताना त्याचा हात माझ्या भाकरीच्या फडक्यात असायचा. गाठ सुटलेली, ठेचा बोटाला लागलेला आणि अर्धी भाकरी मोडून झालेली. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. हसरा चेहरा, धुतलेला सदरा आणि दुसऱ्याच्या फडक्याची गाठ न बघता सोडायची हातोटी.

पौडच्या शाळेत तो गुरुजी होता. माझं सायकलचं दुकान शाळेच्या अलीकडे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. गुरुजींना करावंच लागतं. इथं करणार नाही.

मी जवळच्याच रिहे गावचा. पौडला अनवाणी आलो, झाडाखाली पंक्चर काढत बसलो आणि सात-आठ वर्षांनी पत्र्याचं दुकान टाकलं. आयुष्यात जे मिळवलं ते घासाघीस करून, डोक्यावरचे पत्रेसुद्धा. त्यामुळे जो भाव करत नाही, त्याची मला पहिल्यापासून तिडीक. हा तसलाच. सायकल घ्यायला आला. मी भाव सांगितला, अर्थात थोडा चढवून, खाली यायला जागा ठेवून. तो म्हणाला, "बरं." झालं. दंड थोपटून आखाड्यात उतरावं आणि समोरच्यानं पाया पडावं, तसं वाटलं मला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सायकलवरून डोंगर फिरायचं खूळ त्याचंच. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मुळशीवरून ताम्हिणी उतरायची, निजामपूर, माणगाव, महाड करायचं आणि वरंध घाट चढून भोरवरून घरी यायचं. मी हो म्हणालो ते त्याच्या प्रेमाखातर नव्हे. दोन्ही सायकली मी सुट्या भागांतून माझ्या हातानं जुळवल्या होत्या. गाव मला पंक्चरवाला म्हणायचं. सह्याद्री उतरून-चढून त्या धड परत आल्या असत्या, तर गावाला कळलं असतं की हा माणूस सायकल घडवतो. मला तेवढंच पाहिजे होतं. बाकी डोंगर मी जन्मापासून बघतोय.

ताम्हिणीचा रस्ता तेव्हा मुरूम आणि सुटी खडी. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर रबरं घाटातच झिजून संपायची. म्हणून सायकलच्या मागं एक पानांची फांदी बांधायची. ती जमिनीला घासत येते आणि वेग धरून ठेवते. मी ऐनाची फांदी तोडली. तो म्हणाला, "माझी मी बघतो." आणि घेऊन आला करवंदीची.

"गुरुजी, काटं हायेत तिला."

"काटे जमिनीला लागतील हो, शेठ. सायकलला काय करणार?"

बांधलीही हातभर दोरीनं. पहिल्याच वळणावर फांदी उसळली आणि मागच्या टायरला जाऊन चिकटली. सात भोकं. मी रस्त्याच्या कडेला ट्यूब काढून ठिगळं लावत बसलो आणि हा शेजारी उकिडवा बसून मला करवंदाचे गुण सांगत राहिला. पित्तावर चांगलं असतं म्हणे. माझं पित्त कुठवर आलं होतं ते त्याला दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी वरंध्याच्या पायथ्याला त्याचा गुडघा गेला. मोरीच्या कठड्यावर बसला आणि पाय पुढं करून त्याकडे बघायला लागला, जसा काही तो परक्याचा पाय आहे. तेवढ्यात आंब्याच्या पेट्यांचा एक ट्रक आला, चाक बसलेला. मी लगेच पुढं झालो. ड्रायव्हरला म्हणालो, पंक्चर मी काढतो, गुरुजींना आणि त्यांच्या सायकलीला घाटमाथ्यावर सोड. तो म्हणाला, माणूस नेतो, सायकल नाही. मी म्हणालो, मग पंक्चरचं तू बघ. अर्धा तास आम्ही भांडलो. अखेर जमलं. मी चाक करून दिलं, सायकल उचलायला ड्रायव्हरनं हात लावला, आणि हा कठड्यावरून उठला. छाती पुढं.

"नको. आम्ही सायकलप्रवासी आहोत. घाट चढणार तो स्वतःच्या बळावर."

ड्रायव्हरनं त्याला चक्क सलाम ठोकला. मग गाडीत बसला आणि गेला. चाक फुकट करून घेऊन गेला.

"आन् आता हो, गुरुजी?"

"आता काय, तुम्ही आहात की."

वरंध्याची वळणं ज्यांनी बघितली असतील त्यांना सांगायला नको. माझी सायकल एका वळणापर्यंत ढकलायची, दगडाला टेकवायची, खाली यायचं, त्याची ढकलायची. पुन्हा माझी. दोन्ही कॅरियरला वळकट्या, भांडी, हवेचा पंप. तो घाट एकदा चढला, मी दोनदा चढलो आणि एकदा उतरलो. आणि हा हातात काठी घेऊन, जाळ्यांतली करवंदं खात, लंगडत रिकामा पुढं. एका वळणावर बघतो तर दगडावर पानाचा द्रोण, त्यात निवडलेली काळीभोर करवंदं, आणि हा लांब जाऊन पाठ करून बसलेला. मी द्रोण लाथेनं उडवला. आधी चार खाल्ली, गोड होती.

शाळा उघडल्यावर त्याचा सत्कार झाला. मी नवा सदरा घालून पुढच्या रांगेत. मुख्याध्यापकांनी त्याला शाल घातली, मग माझ्याकडे हात केला. "आणि गुरुजींची सायकल दुरुस्त करायला सोबत गेलेले आपले शेठ." मला नारळ. मी त्याच्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. तो खांद्यावरची शाल नीट करत होता. मग उठला आणि वरंध घाट आपण कसा चढलो ते अर्धा तास सांगितलं. त्या घाटात वारा होता, गरुड होता, कड्यावरचं पाणी होतं. मी नव्हतो.

पुढं पाच वर्षं तो दर सुट्टीआधी मुलांना ती गोष्ट सांगायचा. खिडकीतून दुकानात ऐकू यायची. मी त्याची पंक्चरं काढत राहिलो आणि वाट बघत राहिलो. आज सांगेल, उद्या सांगेल.

मग त्याची बदली झाली, खेडच्या बाजूला. निरोपाला सगळं गाव जमलं. ही शेवटची संधी होती. त्याची आणि माझीही. तो बोलायला उभा राहिला आणि पुन्हा घाट, पुन्हा गरुड. मी उठलोच.

"खोटं हाय! ह्यांची सायकल म्या चढवली! ह्यांच्या हातात काठी व्हती आन् तोंडात करवंदं!"

मग सगळं गाव हसलं. सरपंच म्हणाले, "वा शेठ! दोस्त असावा तर असा!" आणि टाळ्या. पाच वर्षं पोटात धरलेलं एकदाचं बाहेर पडलं आणि त्याचं कौतुक झालं. खरं आहे की नाही, हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. मी त्याच्याकडे बघत होतो. तोही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात.

सकाळी एसटी आली. टपावर सायकल कंडक्टरनं कशीतरी टाकली होती. सायकल माझ्या हातची, म्हणून मीच वर चढून दोरी आवळली. खाली उतरलो तर त्याची बायको उभी. पाच वर्षांत माझ्याशी दोन शब्द न बोललेली बाई.

"भाऊजी, राग धरू नका. घरी परत आले त्या दिवसापासून सांगतात, दोन्ही सायकली शेठनी चढवल्या. पोरींना पाठ आहे अगदी."

गाडी सुटली. त्यानं खिडकीतून हात हलवला. मी माझा वर केला नाही. दोरीनं तळवा सोलला होता.

घरात सांगायचा म्हणे. घरात तर माणूस उघडाच बसतो. हे सदरा घालून सांगायचं होतं, गावासमोर.