अप्पांची कूस बदलण्याबाबत

विषय : तालुका दवाखान्यात पडून असलेल्या रुग्णाच्या कातडीस इजा न होऊ देण्याबाबत.
संदर्भ : प्रस्तुत कारकुनाची स्मरणशक्ती. मूळ कागद उपलब्ध नाहीत.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, आयुष्यभर मी असलीच वाक्यं लिहिली. आधी उर्दूत, मग मराठीत. त्यातल्या एकाही वाक्यानं कुणाचं दुखणं कमी झाल्याचं ऐकिवात नाही. किस्से मात्र जमले. किस्से फायलींसारखे असतात. खालचा एक ओढायला जावं तर वरचे पाच अंगावर येतात. मित्रमंडळी म्हणतात, लिहून काढा. तर हे सगळे एकाच माणसाच्या पाठीचे किस्से.

दवाखाना निजामाच्या अमलातला, काळ दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला. तालुक्याचं नाव सांगत नाही. परंड्याचे म्हणतील भूमचा, भूमचे म्हणतील परंड्याचा. तसंच राहू द्या. खाटा पाच आणि माणसं चार: हैदराबादहून आलेले डॉक्टर काझीसाहेब, ड्रेसर दत्तोबा, आया सोजराबाई आणि मी मुन्शी.

आदल्या वर्षी मांडी मोडलेला एक माणूस आमच्याकडे दोन महिने उताणा पडून होता. हाड झकास जुळलं. पाठीला मात्र जखम झाली, ती आत आत गेली, आणि माणूस त्यातच गेला. त्या दिवशी काझीसाहेब जेवले नाहीत.

मग ईट गावचे वीरभद्रप्पा, सगळ्यांचे अप्पा, बैलगाडीवरून पडले. भुसार मालाचे व्यापारी, वय साठीच्या पुढचं, मांडीचं हाड मोडलेलं. सोबत बायको नीलव्वा, माहेर कर्नाटकातलं. अप्पांना तीन महिने निजून राहायचं होतं. साहेबांनी आम्हा तिघांना खाटेपुढं उभं केलं.

"हड्डी मैं बिठाऊंगा. चमडी तुम तीनों की. पीठ पे एक फोड आया तो किसी एक को नहीं, तीनों को पूछूंगा."

मी म्हटलं, "साहेब, मी तर मुन्शी."

"तो मुन्शी को हाथ नहीं होते क्या?"

०

क्लोरोफॉर्म देऊन हाड बसवलं. अप्पा अजून बेशुद्ध, पण थरथरत होते. दत्तोबानं सोड्याच्या बाटलीत गरम पाणी भरलं, फडकं गुंडाळलं आणि पायाशी ठेवली. तो गेल्यावर सोजराबाईला दया आली, तिनं दुसरी ठेवली. मी डोकावलो. म्हातारा कुडकुडतोय आणि कुणाचं लक्ष नाही! म्हणून तिसरी मी ठेवली. फडकं गुंडाळायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नीलव्वांनी घोंगडी सारखी करायला आत हात घातला आणि ओरडल्या. पाय नुसता लाल झाला होता, फोड आला नव्हता. थोडक्यात वाचलं.

साहेबांनी तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. "बेहोश आदमी 'गरम है' नहीं बोलता. तो हमको बोलना पडेगा. जो कुछ रखोगे, आवाज देके रखो!"

दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू.

"बाटली ठेवली होऽ!"

"फडकं हाय का?"

"हाय!"

"कुठल्या पायाला?"

"डाव्या!"

ओसरीवर खोकल्याच्या औषधासाठी बसलेला एक गृहस्थ उठून मला विचारायला लागला, "मुन्शीजी, आत लिलाव चाललाय व्हय?" मी काही बोलायच्या आत तो निघून गेला. पुन्हा आला नाही. बरा झाला असावा.

०

हाड सरळ राहावं म्हणून पायाला चिकटपट्ट्या लावून, त्यांना दोरी बांधून, खाटेच्या टोकाला वाळूची पिशवी लटकवलेली. वाळूचं वजन साहेबांनी सांगितलं तेव्हा अप्पांनी पडल्या पडल्या पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले, "अर्धा शेर कमी हाय." पुन्हा मोजली. अर्धा शेर कमी होती!

तिसऱ्या आठवड्यात त्या पट्ट्या बदलायच्या होत्या. दत्तोबाचा एक जुना अभिमान होता. "एका झटक्यात वढली की दुखत न्हाय."

"किसको?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्याची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. साहेबांनी पट्टीचा वीतभर तुकडा कापला आणि दत्तोबाच्या दंडावर चिकटवला. दत्तोबाच्या अंगावर अस्वलाला लाजवील इतके केस. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "अब निकालो. एक झटके में."

दत्तोबानं दवाखान्याला दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत सोजराबाईकडून तिळाचं तेल मागून घेतलं, निंबाखाली बसला आणि पट्टीचं एकेक टोक तेलात भिजवत, एका हातानं कातडी दाबून धरत, हळूहळू सोडवत राहिला.

"कितना टाइम लगा?"

"अर्धा तास, साहेब."

"अप्पा को भी उतनाच लगेगा."

०

टाचा खाटेला टेकून लाल व्हायला लागल्या. हैदराबादच्या दवाखान्यात अशा रुग्णाला हवा भरलेली रबरी गोल उशी देतात, असं साहेब सांगत होते. सोजराबाईनं ऐकून घेतलं, जुन्या धुतलेल्या लुगड्याची पट्टी फाडली, कापूस भरून पीळ दिला आणि दोन चुंबळी करून टाचांखाली सरकवल्या. टाच मधल्या पोकळीत, वजन भोवतीनं.

"ये कौनसी किताब में लिखा है?" साहेब हसत होते.

"किताब न्हाय साहेब. या चुंबळीवर म्या चाळीस वर्सं घागरी वाहिल्या. टकुरं सोललं न्हाय."

साहेबांनी तिचं डोकं निरखून पाहिलं आणि चुंबळ मंजूर केली.

०

अप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि ते अंगावेगळं होणार नाही. कुशीवर केलं की डबी बरगडीखाली जाऊन रुतायची. एक दिवस बरगडीवर रुपयाएवढा लाल वळ दिसला. दत्तोबा सहज म्हणाला, "काढून उशाशी ठेवू की."

नीलव्वांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दत्तोबा तो दिवसभर त्यांच्या समोर आला नाही.

साहेब म्हणाले, "उतारना नहीं है. रास्ता ढूंढो."

रस्ता सोजराबाईनं काढला. मऊ कापडाचा पट्टा शिवला. कूस बदलायच्या आधी अप्पांनी स्वतःच्या हातानं डबी पट्ट्यात घालून वर राहणाऱ्या दंडाला बांधायची. दुसऱ्या कुशीवर जाताना दुसऱ्या दंडाला.

"म्हंजी देवाचीबी कूस बदलायची म्हणा की!" सोजराबाई म्हणाली.

"तोच तर बदलतोय," अप्पा म्हणाले, "तुमी नुसता हात लावताय."

०

कूस बदलायची वेळ ठरली होती: कचेरीत तास वाजायचा, एक सोडून एक तासाला बदलायची. दत्तोबा खांद्यांशी, सोजराबाई कमरेशी, नीलव्वा उशा आणि चुंबळी घेऊन. वजन लावलेला पाय सरळ धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. टाकापेक्षा जड काही मी तोवर उचललं नव्हतं.

घोळ मोजण्यात होता. "एक, दोन, तीन" मी म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. दत्तोबा 'तीन' म्हणतानाच उचलायचा. सोजराबाई 'तीन' म्हणून झाल्यावर. मी दोघांकडं बघून. त्यात माणूस उचलला जायच्या ऐवजी ओढला जायचा, आणि चादरीवर कातडी घासायची. नीलव्वा हात जोडून म्हणायच्या, "निधान, निधान!" त्यांच्या भाषेत सावकाश. पंधरा दिवसांत सगळा दवाखाना 'निधान' म्हणायला लागला होता, पण कुणी सावकाश झालं नव्हतं. मी तर एक परिपत्रकही काढलं. त्यावर तिघांनी सह्या केल्या आणि पुन्हा आपापल्या वेळी उचललं.

शेवटी अप्पाच वैतागले. "मुन्शीजी, तुमच्यानं मोजणं व्हायचं न्हाय. म्या आडतीवर चाळीस वर्सं मापं मोजली. आमी पयल्या मापाला एक म्हणत न्हाय, लाभ म्हणतो. म्या लाभ म्हटलं की चौघांनी उचलायचं. दोन न्हाय, तीन न्हाय."

दुपारी तास वाजला. अप्पांनी डबी बांधली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!"

म्हातारा फुलासारखा उचलला गेला. चादरीला सुरकुतीसुद्धा पडली नाही. आम्ही चौघं एकमेकांकडं बघतच राहिलो. साहेब दारात उभे होते. ते फक्त म्हणाले, "मुन्शीजी, वो परिपत्रक फाड दो."

०

दहाव्या आठवड्यात तपासणीला बडे साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, मागं पट्टेवाला डफेदार. आम्ही ओळीनं, खाली मान घालून उभे. बडे साहेब नेमके अप्पांच्या खाटेपाशी थांबून शिस्तीवर बोलायला लागले.

कचेरीत तास वाजला. कूस बदलायचा.

हुजूर बोलत असताना हलायची कुणाची छाती! अप्पांनी वाट पाहिली. आम्ही जमिनीकडं बघत राहिलो. बडे साहेब शिस्तीवरून स्वच्छतेवर गेले. नीलव्वा पदराआड कुजबुजल्या. सोजराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी दत्तोबाकडं. स्वच्छतेवरून पुन्हा शिस्तीवर.

अप्पांनी डबी एका दंडाची सोडून दुसऱ्याला बांधली.

"लाभ!"

पुढचं आम्ही केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. ओळ मोडली. डफेदाराला माझा धक्का लागला. आणि बडे साहेबांचं वाक्य अर्धं असताना ईटच्या वीरभद्रप्पांची उघडी पाठ त्यांच्या समोर आली.

हुजुरांना पाठ दाखवायची!

"ये क्या है?"

काझीसाहेब पुढं झाले. "पीठ है, हुजूर. दस हफ्ते पुरानी. देख लीजिए."

बडे साहेबांनी वाकून पाहिलं. पाठ साफ होती. डाग नव्हता, वळ नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मला वाटलं, आता शाबासकी. पण तेही माझ्यासारखेच कागदावरचे. वर बघून त्यांनी विचारलं, "करवट बदलणं हे काम कुणाचं?"

कुणाचंच नव्हतं. ड्रेसरचं मलमपट्टीचं, आयाचं झाडलोटीचं, मुन्शीचं लिहिण्याचं.

"या दवाखान्यात करवट बदलणाऱ्याची जागा मंजूर नाही," बडे साहेब म्हणाले. "ड्रेसर, आया, मुन्शी आपापली कामं सोडून मंजुरीशिवाय हे काम करतात. बंद करा. जागेसाठी रीतसर अर्ज पाठवा. मंजुरी आली की बदला."

मोटार गेली. अप्पांना अजून दोन आठवडे निजायचं होतं. आदल्या वर्षीच्या माणसाची पाठ किती दिवसांत फुटली होती, हे दवाखान्यातल्या आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. सोजराबाईनं अप्पांच्या पाठीवर तळहात ठेवला तो काढलाच नाही.

काझीसाहेब म्हणाले, "मुन्शीजी, अर्ज लिखो. अच्छा लिखो. और नीचे एक लाइन डालो, 'मंजूरी की उम्मीद में काम जारी है.'"

आयुष्यात मी एवढं सुंदर वाक्य दुसरं लिहिलं नाही.

काम जारी राहिलं. बाराव्या आठवड्याच्या शेवटी साहेबांनी अप्पांना ओसरीत उन्हाकडं पाठ करून बसवलं, बोटांनी मणक्यापासून कमरेपर्यंत चाचपलं, मग टाचा पाहिल्या, मग सोजराबाईला पुढं ओढून पाहायला लावलं. अप्पा काठी टेकत पंधरा पावलं चालले. नीलव्वा मागून म्हणत होत्या, "निधान, निधान!"

अर्जाला पहिलं उत्तर आलं: सदर इसमाची शैक्षणिक पात्रता काय असावी? कळवलं. दुसरं आलं: डाव्या व उजव्या कुशीसाठी एकच इसम पुरेल काय? पुरणार नाही, चार लागतील, असं कळवलं. तिसरं आलं: रुग्णाची गरज अद्याप आहे काय? रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी गेला, असं कळवलं. चौथं आलं: मंजुरीपूर्वी तो बरा कसा झाला, याचा खुलासा करावा.

खुलासा पाठवला. त्यानंतर राज्य बदललं, कागद उर्दूतून मराठीत गेले, काझीसाहेबांची बदली झाली, मी निवृत्त झालो. निवृत्तीच्या आदल्या दिवशी चौकशी केली होती. अर्ज विचाराधीन आहे.