पाहुण्यांची वही

चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याचा एक मोठा फायदा असतो. सगळी मंडळी पाळकसाहेबांकडे तोंड करून बसते आणि पेटीवाला मंडळीकडे! वीस वर्षं मी रत्नागिरीतल्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये पेटी वाजवतोय. कोण डुलक्या घेतं, कोण कोणाकडे बघत नाही, सगळं दिसतं. असे किस्से साठत जातात, आणि त्यातले निम्मे आमच्या शमुवेलकाकांच्या वहीतले आहेत.

काका चर्चचे ज्येष्ठ पंच. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गेटवर नोंदवही सांभाळली. रिटायर झाले, पण गेट काही सुटलं नाही. दर रविवारी उपासनेत नवीन आलेल्यांना उभं करायचं आणि वहीत लिहून मोठ्यानं वाचायचं. नाव, गाव, कोणाकडे उतरले, नातं काय. मग टाळ्या आणि स्वागतगीत.

*

एकदा आमच्या मंडळीतल्या मुलीचा नवरा, लग्नाला जेमतेम आठवडा झालेला, मोठ्या उत्साहानं उभा राहिला. "मी मिरजेहून..."

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू कशाला उभा राहिलास? तुझ्या लग्नात आम्ही जेवलो ना? ओळख पाहुण्याची करून देतात, घरच्या माणसाची नाय. बस खाली!"

जावईबापू लाल होऊन बसले. त्या दिवसापासून नियमच झाला. सुना-जावयांनी उभं राहायचं नाही.

*

विल्सन लोट्याला कंपनीत शिफ्टला जातो. दारू सोडली की तो रविवारी उभा राहून जाहीर करायचा, "मी नवा माणूस झालोय, नोंद करा!" दोन महिन्यांनी पुन्हा घसरायचा. पुन्हा नवा माणूस!

पाचव्यांदा उभा राहिला तेव्हा काकांनी मागची पानं चाळली. "विल्सन, तू नवा झाल्याच्या चार नोंदी आहेत. आता तुला पाहुण्यांत धरणार नाय. जुन्यांत बस आणि नियमित ये."

विल्सन बसला आणि तिथंच रडायला लागला. अजून येतो. अधूनमधून घसरतो, पण येतो.

*

बाहेरचा बोर्ड नवा करायचा होता. पाळकसाहेबांनी मजकूर काढला, 'सर्वांचे हार्दिक स्वागत'. काका मीटिंगमध्ये उठले.

"सर्वांचे ठीक आहे. हार्दिक काढा. ते आपण कोणाच्या वतीनं लिहिणार?"

काढलं! आजही आमच्या बोर्डावर नुसतंच 'सर्वांचे स्वागत' आहे.

*

मांडवीला फिरायला आलेलं पुण्याचं एक जोडपं उपासनेला आलं. काकांनी विचारलं, "नातं?"

मुलगी सरळ म्हणाली, "लग्न नाही केलेलं. एकत्र राहतो."

वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. काकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि वाचलं, "नातं, शेजारी."

उपासनेनंतर पंच कमिटी कोपऱ्यात जमली. यांना चहाला थांबवावं की कसं? पाऊण तास खल झाला. बाहेर येऊन बघतात तर काकांच्या बायकोनं, रूथकाकूंनी, त्या दोघांना दोनदा चहा पाजून एस.टी.त बसवूनसुद्धा दिलं होतं.

*

आता थोडं अवघड सांगतो. काकांना एकच मुलगा, आनंद. सहा वर्षांपूर्वी त्यानं घरी सांगितलं, की मुंबईत तो निखिलबरोबर राहतो, आणि जन्मभर राहणार आहे. काका म्हणाले, "हे पाप आहे. एकटा आलास तर दार उघडं. त्याला घेऊन नको." आनंद एकटा आला नाही. म्हणजे आलाच नाही. मंडळीत कोणी त्याचं नाव काढेना. मीही नाही काढलं. बोटं पेटीवर होती, तोंड तर मोकळंच होतं ना! त्याची लाज वाटते.

मग एका रविवारी शीतल आली. तृतीयपंथी, हिरवी साडी नेसलेली. ती दारात दिसताच बाकांवरची सगळी माणसं एकदम ऐसपैस झाली. जागाच नाही! रूथकाकूंनी आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. "इकडे ये गो, बस."

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर काका पुटपुटले, "आपल्या बाकावर बसवलंस तिला?"

काकू माझ्यादेखत म्हणाल्या, "आपला बाक तिघांचा. एक जागा सहा वर्षं रिकामी आहे. कोणासाठी धरून ठेवू, ते सांगा."

 त्या दिवशी काका वही चर्चमध्येच विसरून गेले.

*

यंदा ईस्टरला काकूंनी काकांना न विचारता मुंबईला फोन लावला, "दोघं या." दोघं आले. दोन दिवस काका घरात निखिलशी एक अक्षर बोलले नाहीत, असं मला आनंदनंच चर्चच्या दारात सांगितलं. "आज इथे काही झालं तर पुन्हा येणार नाही," तो म्हणाला.

काकूंच्या बाकावर तिघं बसले. कोल्हापूरच्या एका कुटुंबाची ओळख झाली, टाळ्या झाल्या. "अजून कोणी?" काकांनी विचारलं.

आणि निखिल उभा राहिला! बिचाऱ्याला आमच्या चर्चचे नियम कुठले माहीत? आनंदनं त्याचा शर्ट ओढला, पण उशीर झाला होता. सगळ्या माना वळल्या. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"मी निखिल. मुंबईहून..."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू कशाला उभा राहिलास?"

निखिलचा चेहरा उतरला. आनंद उठायच्या बेतात होता.

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"बस खाली," ते म्हणाले. "पाहुणे संपले. वाजव रे पेटी!"