आभाळ आलं की काढायची तार

ओल्या कोळशाचा आणि जाड्या मिठाचा वास एकत्र आला, की त्याला नेमकं नाव देता येत नाही. विझवलेल्या चुलीशेजारी कुणी लोणच्याची बरणी उघडी ठेवून जावी, तसा काहीसा तो असतो. आमच्या शेतातल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत बाबा रोज सकाळी बादलीभर पाणी ओततात, तेव्हा तो वास ओसरीपर्यंत येतो आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवते. पूर्वी मला तो आवडायचा. आवडण्यासारखंच त्यात पुष्कळ होतं, कारण आपण आता इथे राहू शकतो याचाच तो वास होता.

केनवड आणि रिठद यांच्या मधल्या रानात, ओढा जिथे वळसा घेतो त्या खोलगट जागी आमचं घर आहे. आजोबांनी पाण्याची सोय पाहून ते बांधलं. मोबाइलच्या लहरींची सोय पाहायला तेव्हा कुणाला सुचणार होतं? फोन लावायचा तर आजही विहिरीजवळच्या धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, चढून उभं राहावं लागतं आणि वारा उलटा असला, तर बोलणं वाऱ्यालाच जास्त ऐकू जातं. बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा ही बातमीही मला शेजारच्या शेतातल्या माणसाने त्याच धुऱ्यावर उभं राहून कळवली. मी पुण्याहून आले. बाबा सावरले, चालू-फिरू लागले, पण डावा हात मात्र रुसल्यासारखा अंगाला चिकटून राहिला. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या एकाकी घरात, दोन बैल आणि एक निकामी हात यांच्यासोबत त्यांना सोडून परत जाणं मला शक्य नव्हतं. मी पुण्यातल्या एका शिकवणी संस्थेत दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संस्थेने समजुतीने घेतलं. घरून शिकवा म्हणाले, पण वर्ग मध्येच तुटता कामा नये, आणि दिवाळीपर्यंत हे जमलं नाही तर पुण्याला यावं लागेल. अट रास्त होती. रास्त अटींचा एक त्रास असतो, त्यांच्यावर चिडताही येत नाही.

उरला होता तो घरातला जुना टेलिफोन. मी शिकायला बाहेर पडले, त्या वर्षी आईने हट्टाने तो घेतला होता. केनवडच्या बाजूने येणारी ती तार काही अंतर खांबांवरून यायची आणि मग खांब संपायचे. पुढे ती बाभळीवरून, हिवरावरून, शेवटी आमच्या धुऱ्यावरच्या एकट्या निंबावरून घरात उतरायची. आईला माझा आवाज ऐकू यावा एवढ्याच कारणासाठी ती एवढी लांबवर ओढलेली होती. आणि त्या तारेची एक खोड होती. लांब कुठे तरी वीज चमकली, की घरातला फोन एकदाच वाजायचा. एकच टण्. उचलला तर पलीकडे कुणी नसायचं, नुसती खरखर. बाबा म्हणायचे, "वरून फोन आला." आई हसायची, ते मात्र हसत नसत. आभाळ भरून आलं, की हातातलं काम टाकून ते घरात येत आणि भिंतीवरच्या डबीतून फोनची तार उपसून काढत. आधी तार, मग जनावरं, मग वाळत घातलेलं धान्य, असा आमच्या घरचा क्रम होता. मी सुट्टीत घरी आले, की देवघरातल्या दिव्याइतकाच तो पाळलेला दिसायचा.

या तारेवर ब्रॉडबँड येईल का, हे पाहायला गजूभाऊ आला. खाजगी कंत्राटावर लाईनचं काम करणारा, बडबड्या, तोंडात सतत तंबाखूचा खर्रा. त्याने वरपासून खालपर्यंत सगळी तार पायी पाहिली आणि ओसरीवर येऊन पाण्याचा तांब्या संपवला.

"ताई, लाईन लय लांब हाये. एवढ्या लांबीवर नेट अर्ध्यातच दम तोडते. जोड बी किती! कोनी कोनी तं कपडे वाळू घालून राह्यले तुमच्या तारीवर."

तरी त्याने नेटाने काम केलं. कुजलेले जोड कापले, नवे बांधले, फांद्या छाटल्या. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकत लुकलुकत एकदाचा स्थिर झाला, तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. माझा चेहरा दिसण्याइतका वेग त्या तारेत नव्हता, पण आवाज जात होता आणि संगणकाच्या पडद्यावरच्या फळ्यावर लिहिलेलं दिसत होतं. गणिताला तेवढं पुरतं.

जाण्यापूर्वी गजूभाऊने भिंतीबाहेर कमरेइतका खड्डा खणून घेतला, त्यात लोखंडी पाईप उभा केला आणि भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरून माती लोटली. पाईपचं हातभर टोक वर राहिलं. त्यातून एक जाड तार बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीत गेली, जिथे फोनची तार घरात शिरण्याआधी उतरते. हे अर्थिंग. वरून काही आलं तर घरात न शिरता इथून जमिनीत जावं म्हणून. "रोज पानी टाकत जा बाबा, जागा ओली राह्यली पाह्यजे," असं तो बाबांना बजावून गेला. बाकी कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मिठाचा शोध पाखऱ्याला लागला. आमच्या जोडीतला तो थोराड, पांढरा, जरा लाडावलेला बैल. चरून परतताना तो त्या ओल्या मातीपाशी थांबला, नाक खुपसलं आणि चाटू लागला. त्याच्या खरखरीत जिभेचा आवाज मला आत वर्गात ऐकू यायचा. पुढे बाशिंग्याही मान लांबवू लागला. बाबा कौतुकाने पाहत उभे राहायचे. आजारानंतर त्यांना खुंटा ठोकता येत नव्हता; एका हाताने ठोकलेला खुंटा बैलाने मान झटकली तरी उपटून यायचा आणि मग ते त्या खुंट्याकडे असे बघायचे, की मी तोंड फिरवून घ्यायची. हा पाईप मात्र कंबरभर जमिनीत रुतलेला, कुणाच्याने हलायचा नाही. दाव्याची गाठ त्यांना एका हाताने जमेना, म्हणून मीच रिसोडच्या बाजारातून आकडा असलेली साखळी आणून दिली. आकडा पाईपात अडकवला की काम झालं. पाखऱ्या तिथे, सावलीत, ओल्या मिठाशी; बाशिंग्या थोडा अलीकडे, अंगणातल्या निंबोणीच्या बुंध्याला. "त्याले करमते तठी," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी एक काम कुणाची मदत न घेता पुरं केलं होतं. मला त्या पाईपाचे उपकार वाटले.

आश्विन आला. सोयाबीन सोंगून झालं, रान मोकळं पडलं आणि कापलेल्या सोयाबीनच्या ढिगांचा तेलकट, किंचित आंबूस गंध दिवसभर अंगणात साचून राहू लागला. त्या दिवसांतलं ऊन खोटं असतं. सकाळी ते पितळेच्या भांड्यासारखं लखलखीत, आणि दुपार कलली की पश्चिमेच्या कडेला जांभळट काहीतरी जमू लागतं, वारा पडतो, पाखरं वेळेआधी गप्प होतात. परतीचा पाऊस येतो तेव्हा तो भिजवण्यापेक्षा गडगडण्यातच जास्त रमतो. अशा प्रत्येक दुपारी बाबा उंबऱ्यात येऊन उभे राहत. त्यांची नजर भिंतीवरच्या डबीवर, माझी घड्याळावर. वर्ग चालू असताना तारेला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. "गजूभाऊने एवढं अर्थिंग केलंय ते कशाला?" असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. घरात वर्षानुवर्षं पाळलेला क्रम त्यांनी माझ्यासाठी मोडला, तोही इतक्या निमूटपणे, की मला त्याचं ओझं जाणवलंसुद्धा नाही.

त्या दुपारी मी मुलांना वर्तुळाची स्पर्शिका समजावत होते. बाबा उंबऱ्यात आले. त्यांनी हनुवटीने पश्चिमेकडे खूण केली. मी बोट वर करून थांबा म्हटलं. तार राहिली, म्हणून ते जनावरांकडे वळले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी आधी बाशिंग्याला सोडलं आणि गोठ्याकडे नेलं. बाहेरचा उजेड पिवळट हिरवा झाला होता. मी मुलांना म्हणत होते, की स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत भेटते, आणि तेवढ्यात कानातल्या यंत्रात काडकन काही तुटलं, खोली पांढरी झाली, पडदा काळा पडला आणि फोन वाजला. एकदाच.

मी बाहेर धावले. बाबा गोठ्याच्या दाराशी जमिनीवर बसले होते, थिजलेले, पण जिवंत. त्यांच्या पलीकडे भिंतीशी पाखऱ्या कुशीवर पडला होता. अंगावर कुठे जखम नाही, डाग नाही. साखळी आकड्यात जशीच्या तशी. जीभ बाहेर आलेली आणि तिच्यावर ती काळी, खारट माती. वीज धुऱ्यावरच्या निंबावर पडली होती. तारेवरून आली आणि जिथे जायला सांगितलं होतं, तिथेच गेली. पाऊस मात्र आला नाही. मोजके टपोरे थेंब धुळीत उमटले आणि आभाळ पुढे सरकलं.

संध्याकाळी उशिरा बाबा म्हणाले, "म्या पाखऱ्यालेच आधी सोडनार होतो. मंग पाह्यलं, चाटून राह्यला होता. म्हटलं, चाटू दे घडीभर." एवढंच. पाखऱ्या मिठापासून सहज हलायचा नाही; त्याला आधी सोडायला गेले असते, तर त्या क्षणी त्या पाईपापाशी वाकलेले बाबाच असते. त्याच्या घडीभराच्या सुखावर माझे वडील उरले होते, आणि ही गोष्ट मला त्यांना सांगता येण्याजोगी नव्हती. त्यांना ती ठाऊक होतीच.

गजूभाऊ नवा मोडेम घेऊन आला, तेव्हा त्याची बडबड आटली होती. तो बराच वेळ पाईपापाशी उकिडवा बसला, पेटी उघडून पाहिली, बंद केली. "अर्थिंगनं आपलं काम केलं ताई. घर वाचलं," म्हणाला. मी त्याला म्हटलं, मोडेम परत ने आणि ही तारच काढून टाक, धुऱ्यापासून, सगळी. माझा आवाज चढला होता. संस्थेने विचारपूस केली होती, धीर दिला होता, आणि वर्ग असा पुन्हा तुटू नये हेही अदबीने लिहिलं होतं. मला त्या अदबीचासुद्धा राग आला होता.

बाबा ओसरीवरून उठून आले. त्या तारेला इतकी वर्षं भ्यालेला माणूस, आणि तिनेच परवा त्यांचा बैल नेलेला. निकामी हात चांगल्या हातात धरून ते गजूभाऊसमोर उभे राहिले.

"लाव तू. तार राहू दे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तार गेली तं तू बी जाशीन."

तार राहिली. दिवाळीनंतरही माझे वर्ग चालू राहिले, पण ते तुटू नयेत ही संस्थेची अट कायम आहे. पाईपाभोवती बाबांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आहे. मीठ आणि कोळसा तिथेच आहे, कारण ते काढलं तर घर उघडं पडेल. म्हणून रोज सकाळी काट्यांवरून ते बादलीभर पाणी ओततात, वास ओसरीपर्यंत येतो, आणि बाशिंग्या गोठ्यातून मान लांब करून त्या दिशेने फुंकारतो. जनावराला कसं समजवायचं, की ही जागा आता चाटायची नाही. साखळी मी ओढ्यात टाकून दिली.

आता फाल्गुन उतरतो आहे. पळस फुलले आहेत, आणि अवकाळी ढगांचे दिवस सुरू झाले आहेत. काल वर्ग चालू असताना खोलीतला उजेड पुन्हा तसाच पिवळट हिरवा झाला. भिंतीवरचा जुना फोन एकदा वाजला, टण्. बाबा उंबऱ्यात आले. पूर्वी आभाळ आलं, की त्यांचा हात आपसूक डबीकडे जायचा. काल तो गेला नाही. त्यांनी उजव्या हाताने डावा पाठीमागे नेला, तिथेच घट्ट धरला आणि तसेच उभे राहिले. मुलांना थांबायला सांगून मीच उठले. वर्ग पुन्हा तुटणार होता. डबीतून तार उपसली, हिरवा दिवा मालवला आणि मी बाबांकडे वळून पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल. बाहेर रिसोडच्या बाजूला आभाळ दबक्या आवाजात गुरगुरत होतं आणि बाबांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते माझ्या हातातल्या, भिंतीपासून सुटलेल्या त्या तारेच्या टोकाकडे बघत होते, आणि इतकी भीती मी त्यांच्या डोळ्यांत विजेसाठीही कधी पाहिली नव्हती.