सुतकातली शर्यत

धाकटा भाऊ गेल्याचा आठवा दिवस होता, आणि त्याच दिवशी शर्यत होती. मोटारींची, जगातली सगळ्यात वेगवान. आमच्या घरात हे वेड आम्हा दोघांनाच. मी सूसला फ्लॅटवर राहतो, तो लवळ्याच्या पलीकडे गावात वडिलांजवळ. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शर्यतीच्या रविवारी तो मोटारसायकल काढून माझ्याकडे यायचा. माझा टीव्ही मोठा, एवढंच कारण सांगायचा. मागच्या रविवारी तसाच येताना तो वाटेत गेला. धो धो पाऊस होता. पुढच्या ट्रकच्या चाकांनी पाणी उडत होतं, आणि ट्रक ज्याला वळसा घालून गेला तो रस्त्यात उभा असलेला डंपर त्याला दिसलाच नाही.

तो निघायच्या आधी मी त्याला फोन केला होता. तिकडे ट्रॅकवर ढग भरून आलेत, आज मजा येणार, लवकर निघ, म्हणालो होतो. पावसातल्या शर्यतीवर आमचा भारी जीव. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नाही, नातेवाइकांना सुचलं नाही, आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो.

रडू येत नव्हतं. मी गावच्या घरी होतो. जेवण शेजारून यायचं, पुढ्यात ताट आलं की जेवायचो. काय जेवलो विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शनिवारी मोरीत उभं राहून मी चोरून फोनवर पाहिलं. शर्यतीत कोणी कुठल्या नंबरवर उभं राहायचं ते ठरवणारी फेरी पावसाने उधळली होती. भलेभले घसरून भिंतीला लागले होते आणि एरवी शेवटून मोजायचा गडी पहिला आला होता. दुसऱ्या कुठल्याही शनिवारी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी वाचलं आणि फोन खिशात टाकला.

रविवारी संध्याकाळी बाहेरची खोली माणसांनी भरली होती. दुखवट्याला आलेली माणसं बसतात, उसासे टाकतात आणि 'येतो' न म्हणता उठून जातात. वडिलांनी मधेच विचारलं, आज त्याची शर्यत आहे ना? मी हो म्हणालो, तर म्हणाले, लाव. सुतकात कसला टीव्ही, म्हणून आत्या कडाडली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज तेवढा बंद ठेव, म्हणाले.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून मला हसावं की काय करावं कळत नाही. पडद्यावर मोटारी पावसात नुसत्या उभ्या, त्यांच्यावर छत्र्या धरून माणसं उभी, आणि समोर पांढऱ्या टोप्या घातलेली आमची मंडळी टक लावून बसलेली. अर्धा तास झाला तरी कोणी उठेना. एका चुलत्याला वाटलं, आमचं नेट अडकलं. आत्याचा राग कधीच ओसरला होता. एवढ्याशा पावसाला थांबले व्हय, म्हणाली. आपण तर गुडघाभर चिखलात भात लावतो. मला तिचा संताप आला. माहीत नसेल तर माणसाने गप्प बसावं. मी तावातावाने सांगायला लागलो, की पावसाला कोणी भीत नाही, टायर पाणी कापतात, पण पुढच्या गाडीच्या चाकांनी एवढं पाणी उडतं की मागच्याला समोर उभं असलेलं काहीच दिसत नाही.

तेव्हा कुठे मी काय बोलतोय ते मला ऐकू आलं. आत्याने पदर तोंडाला लावला.

तासाभराने गाड्या निघाल्या, त्याही पुढे एक सुरक्षेची गाडी ठेवून, कोणी कोणाला ओलांडायचं नाही अशा, वरातीच्या चालीने. तीन-चार फेऱ्यांनंतर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली ती थांबवलीच. जो जिथे होता तोच त्याचा नंबर. शेवटून मोजायचा गडी जिंकला. मंडळी एकेक करून उठली, आत्या आत गेली, आणि वडील नि मी उरलो.

झेंडा कोण दाखवतं, वडिलांनी विचारलं. मी सांगितलं, एक अधिकारी असतो. त्याला धोका वाटला की तो थांबवतो, मग कितीही मोठा गडी असो, थांबावंच लागतं. वडील बराच वेळ मान हलवत राहिले. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"आबा, त्या दिवशी मी त्याला फोन केला होता. लवकर निघ म्हणालो होतो."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "मी हितंच बसलो व्हतो. म्हनला, दादा वाट बघतोय."

मी टीव्ही बंद केला.

"पाऊस लई व्हता. थांब जरा, म्हनायचं माज्या तोंडावर आलं व्हतं. पन म्हनलो न्हाई. लई खूश दिसत व्हता त्यो."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो. ते रडायला लागले. मला अजूनही रडू येत नव्हतं.